लिंबची बारा मोटेची विहीर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी वाटाड्या

साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारा मोटेची विहीर बघायला जाणारे बहुतेक जण गाडी लावली की थेट पायऱ्या उतरून महालात शिरतात, कमानीत उभं राहून फोटो काढतात आणि अर्ध्या तासात परत फिरतात. विहीर देखणी आहेच, पण अशी घाईने पाहिली तर ती पाणी साचलेला एक दगडी महाल वाटते. ही शेतीची विहीर होती. बारा मोटांचं पाणी उपसून आमराईला पाजायचं, हे तिचं काम. ते डोळ्यांपुढे आणायचं असेल तर बघण्याचा क्रम बदला: आधी वरचा काठ, मग खालचा महाल आणि त्यानंतर कृष्णाकाठचं कोटेश्वराचं देऊळ. पुढची सगळी माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

निघण्याआधी एवढं वाचून ठेवा

औरंगजेब 1707 मध्ये वारला, त्याच वर्षी संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मुघलांच्या कैदेतून सुटले आणि 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात त्यांना राज्याभिषेक झाला. विहीर त्यांच्या कारकिर्दीतली, पण बांधवून घेतली ती वीरूबाई भोसले यांनी. वीरूबाई शाहूंच्या लग्नाच्या राण्यांपैकी नव्हत्या, तरी राजवाड्यात त्यांचा शब्द चालत असे. शाहू दक्षिणेत परतत असताना पारद गावी एका आईने आपलं मूल त्यांच्या पायांवर घातलं होतं. राणोजी लोखंडे हे त्या मुलाचं नाव. त्याचं पुढे फत्तेसिंह भोसले झालं आणि अक्कलकोटचं घराणं त्यांच्यापासून सुरू झालं. या फत्तेसिंहांना वीरूबाईंनी पोटच्या मुलासारखं वाढवलं. साताऱ्याच्या इतिहासात त्यांचं नाव फार थोड्या वेळा येतं. लिंबला मात्र त्यांचं काम साक्षात समोर उभं आहे, म्हणून जाताना निदान त्यांचं नाव तरी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

शिलालेखाप्रमाणे बांधकाम शके 1641 ते 1646 या काळातलं, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724. (शकात 78 मिळवले की साधारण इसवी सन येतो, कुठलाही जुना शिलालेख वाचताना हा हिशोब कामी येतो.) काळ कोणता होता बघा. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले आणि महाराणी येसूबाई एकोणतीस-तीस वर्षांच्या कैदेतून सुटून साताऱ्याला परतल्या. 1720 मध्ये पहिल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. इतकी वर्षं धावपळीत आणि लढाईत गेलेलं राज्य आता कुठे एका जागी स्थिरावत होतं. झाड लावून त्याच्या फळाची वाट बघण्याइतकी शाश्वती आली होती, आणि आंब्याच्या झाडांना पाणी द्यायला एवढी मोठी विहीर खोदायला घेतली गेली ती या दिवसांत. इथल्या आमराईत 3,300 झाडं होती असं सांगतात.

कधी जायचं

दसरा-दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ पहिल्या भेटीला उत्तम. पाऊस नुकताच सरलेला असतो, पाणी वर आलेलं असतं, ऊन सोसवतं आणि आजूबाजूची शेतं हिरवी असतात. एक अडचण आहे. विहिरीत पाणी भरपूर असतं तेव्हा खालचं बांधकाम पाण्याखाली जातं. दगडी चिरेबंदी कुठवर खोल गेली आहे हे बघायचं असेल तर एप्रिल-मे बरा, फक्त उन्हाचं बघून निघा.

मे महिन्याचा आणखी एक फायदा फोटो काढणाऱ्यांसाठी. साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आगेमागे ऊन विहिरीत सरळ खाली उतरतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलल्यामुळे विहिरीची एक बाजू दिवसभर सावलीत राहते आणि फोटोत काळीभोर येते. अशा वेळी सकाळी नऊ-दहाचा मऊ उजेड त्यातल्या त्यात चांगला.

जून ते ऑगस्टमध्ये गेलात तर पायऱ्यांवर शेवाळ असणार हे धरून चाला. तळ गुळगुळीत झालेल्या चपला घालून या विहिरीत उतरू नका.

सुट्टीच्या दिवशी इथे चांगली गर्दी होते, लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपीही असतात. शांतपणे बघायचं असेल तर आठवड्यातला कामाचा दिवस निवडा, किंवा रविवारी निदान सकाळी लवकर पोचा.

पोचायचं कसं

लिंब साताऱ्यापासून साधारण पंधरा-सोळा किलोमीटरवर आणि पुण्यापासून शंभराच्या आसपास. पुणे-सातारा महामार्गाने येत असाल तर आनेवाडीचा टोलनाका ओलांडल्यावर लिंब फाट्याकडे लक्ष ठेवा. गाडी वेगात असते, फाटा सहज मागे पडतो, म्हणून टोलनाका गेला की सेवा रस्त्याच्या बाजूची मार्गिका धरा. विहीर गावाच्या मधोमध नाही. ती लिंबशेरीत, म्हणजे गावापासून थोडी बाजूला, शेतांच्या अंगाने आहे. मोबाइलवरच्या नकाशात नुसतं ‘लिंब’ टाकलं तर तो गावात नेऊन सोडतो. ‘बारा मोटेची विहीर’ असं पूर्ण टाका. नाहीतर फाट्यावर कुणालाही विचारा, “मोटेची विहीर कुठं आली?” एवढं पुरतं.

एसटीने यायचं तर स्वारगेटहून साताऱ्याची गाडी धरा आणि सातारा स्टँडवर चौकशी खिडकीत लिंबकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा विचारून घ्या. परतीची वेळही तिथेच विचारा. खेड्याकडच्या गाड्या दिवसातून मोजक्याच असतात आणि त्या हुकल्या की फाट्यापर्यंत चालत यावं लागतं. तीन-चार जण असाल तर साताऱ्याहून रिक्षा ठरवणं सोयीचं. तीच रिक्षा देवळापर्यंत आणि परत असं आधीच बोलून घ्या.

पाण्याची बाटली, थोडा खाऊ, टोपी आणि एक बॅटरी बरोबर घ्या. बॅटरी विसरू नका, ती कशाला ते पुढे येईल. लघवी-संडासचं महामार्गावरच्या हॉटेलातच उरकून या, विशेषतः घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर.

आधी वर थांबा

विहिरीपाशी आलात की पायऱ्यांकडे जाऊ नका. वरच्या अंगाने काठापर्यंत जा आणि आधी आकार नीट बघा. मुख्य विहीर अष्टकोनी आहे. तिला जोडून एक चौकोनी उपविहीर आहे आणि दोन्हींच्या मध्ये, पुलासारखा पसरलेला, महाल. वरून सगळं मिळून शिवलिंगासारखं दिसतं. विहिरीचा व्यास सुमारे 50 फूट आणि खोली 110 फूट सांगितली जाते. आकडा वाचताना काही वाटत नाही, पण 110 फूट म्हणजे दहा मजली इमारतीची उंची जमिनीत गेलेली. काठाला सगळीकडे कठडा असेल असं समजून चालू नका. मुलांचा हात धरून ठेवा आणि सेल्फीसाठी पाठ विहिरीकडे करून मागे सरकू नका.

आता मोटांच्या जागा शोधा. मोट पाहिलेली पिढी आता आजोबांची, त्यामुळे ती कशी चालायची हे थोडं सविस्तर सांगते.

मोट म्हणजे पाणी काढायची मोठी कातडी पिशवी. तिचं वरचं तोंड रुंद आणि खाली हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती नळी, तिला सोंडच म्हणतात. मोटेला दोन दोर. जाड दोर तो नाडा; तो वरच्या तोंडाला बांधलेला असतो आणि काठावरच्या लाकडी चाकावरून येऊन बैलांच्या जुवाला जोडलेला असतो. बारीक दोर तो सोंदूर. तो सोंडेच्या टोकाला बांधलेला असतो आणि खालच्या कण्यावरून, म्हणजे आडव्या लाकडी रुळावरून येतो. विहिरीपासून बाहेरच्या बाजूला उतरत गेलेली एक वाट असते, तिला धाव म्हणतात. मोट भरली की मोटकरी बैलांना धावेवरून खाली हाकतो. बैल उताराने जातात, त्यांच्या वजनाचाही जोर मिळतो आणि मोट वर येते. वर येताना सोंड सोंदुराने दुमडून तोंडाच्या पातळीला धरलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाशी पोचली की नाड्याने तोंड आणखी वर चढतं, सोंड मात्र कण्यापाशी पुढे ओढली जाऊन थारोळ्यात येते आणि पाणी आपोआप भदाभदा ओततं. थारोळं म्हणजे पाणी पडायचं दगडी कुंड. तिथून पाटाने पाणी शेताला. मग बैल पाठमोरे चढत वर यायचे, रिकामी मोट पुन्हा खाली. दिवसभर हेच.

हे डोक्यात ठेवून काठावर फिरलात की विहीर वेगळीच दिसायला लागते. चाक बसवायला पुढे काढलेले दगड, पाणी झेलायची जागा, बैलांना फिरायला लागणारी मोकळी जमीन, सगळ्याचा अर्थ लागतो. एका मोटेला एकच जोडी धरली तरी बारा मोटा म्हणजे चोवीस बैल. त्यातही एका मोटेचे बैल दुसरीच्या वाटेत येता कामा नयेत. पन्नास फूट व्यासाच्या विहिरीचा परीघ भरतो साधारण 157 फूट, आणि त्यातली एक बाजू महालाने घेतलेली. उरलेल्या काठावर एवढ्या मोटा मांडायच्या, हा गणिताचाच प्रश्न होता. अष्टकोन का, जोडविहीर का, याचा विचार काठावर उभं राहून जरूर करा. पाणी जितकं खोल तितकी धाव लांब लागते, कारण मोट जेवढी वर चढते तेवढंच अंतर बैलांना चालावं लागतं. म्हणजे या विहिरीभोवतीची मोकळी जमीनही विहिरीचाच भाग होती.

माझ्या मते या जागेवर द्यायच्या वेळातला निम्मा वेळ इथे काठावरच द्यावा.

मग खाली उतरा

पायऱ्या रुंद आहेत, पण एकसारख्या उंचीच्या नाहीत असं समजूनच पाय टाका. गुडघे दुखणाऱ्यांनी कडेने, भिंतीला हात लावत उतरावं. पायऱ्यांच्या शेवटी दरवाजा लागतो आणि तिथेच शिलालेख आहे. आता बॅटरी काढा. शिलालेखावर उजेड समोरून टाकला तर अक्षरं सपाट दिसतात, काही वाचता येत नाही. बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने तिरपी धरा. कोरलेल्या प्रत्येक रेघेत सावली पडते आणि अक्षरं उठून दिसायला लागतात. बरोबर कुणी असेल तर एकाने बॅटरी धरायची, दुसऱ्याने फोटो काढायचा; मग घरी बसून निवांत वाचा. शके 1641 हे विकारी संवत्सर आणि 1646 हे क्रोधी संवत्सर, एवढं माहीत असलं की वाचताना आधार मिळतो. अक्षरं नीट दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल काहीही चोळू नका. तेल दगडात मुरतं, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या माणसाला होतं तेही वाचता येत नाही.

दरवाज्यातून पुढे गेलात की आतल्या जिन्याने महालात जाता येतं. जिना अरुंद आणि अंधारा आहे, एका वेळी एकानेच जावं. वरून उतरणाऱ्याला आधी वाट द्या. महालातला गारवा लगेच जाणवतो. मेच्या दुपारीसुद्धा इथे बसवतं. खांबांवर बारीक नजर टाका: फुलं, चक्रं, गणपती, मारुती, हत्तीवरचे आणि घोड्यावरचे स्वार. प्रत्येक खांबाभोवती पूर्ण फेरी मारा, कारण समोरून दिसतं त्याहून कधी कधी मागच्या बाजूचं काम सरस असतं. विहिरीकडे उघडणाऱ्या कमानींतून बाहेर बघितलं की मघाशी वरून पाहिलेल्या मोटांच्या जागा आता खालून दिसतात.

शरभ विसरू नका. सिंहासारखं दिसणारं हे काल्पनिक जनावर आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर नेहमी दिसतं, कधी पंजात हत्ती धरलेलं, कधी एकटं. विहिरीत शरभ घालणं मात्र रोज बघायला मिळत नाही. भिंतींवर ते शोधा, मुलांना शोधायला लावा. त्यांना त्यात मजा येते आणि ती शांतही राहतात.

महालाच्या वर गच्ची आहे आणि तिथे बैठकीची जागा. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज इथे खलबतं करत असं गावात सांगितलं जातं. सांगणाऱ्याकडून ते जरूर ऐका, गावच्या माणसाच्या तोंडून त्याला वेगळी चव येते.

इथे काही गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. विहिरीत पोहायला उतरू नका. पाणी खोल आहे, कडा सरळ आहेत आणि दगडावर हात ठरत नाही. निर्माल्य, नारळ, बाटल्या पाण्यात टाकू नका. कमानींत मधमाश्यांचं पोळं दिसलं तर धूर, दगड, मोठा आवाज काही नको, गुपचूप बाजूला व्हा. आणि खांबावर नाव कोरणारा कुणी दिसला तर त्याला तिथल्या तिथे हटका. तीनशे वर्षं टिकलेला दगड आहे, त्यावर ओरखडा काढायला दहा सेकंद लागतात. आजूबाजूची शेतं लोकांची आहेत, बांधावरूनच चाला, उसात शिरू नका.

कोटेश्वराकडे

विहिरीहून निघालात की कृष्णेकडे वळा. लिंब आणि गोवे ही जोडगावं, म्हणून पंचक्रोशीत ‘लिंब-गोवे’ असंच एका दमात म्हणतात. इथे नदीच्या पात्रालगत कोटेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता जात असाल तर आधी गावात विचारा: “पाणी सोडलंय का?” वरच्या अंगाला वाईजवळ कृष्णेवर धोम धरण आहे. त्यातून विसर्ग सुरू झाला की पात्रातलं पाणी पाऊस नसतानाही बघता बघता चढतं. आभाळ निरभ्र आहे म्हणून पात्रात उतरायला हरकत नाही, असं कधीही समजू नका.

देवळात चपला बाहेर, हे सांगायला नको. आधी नंदीचं दर्शन घ्या, मग गाभाऱ्यात. शंकराची प्रदक्षिणा पूर्ण घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, मागे फिरून दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत यायचं. गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. सोमवारी आणि श्रावणात दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी असते; तुम्ही नुसतं बांधकाम बघायला आला असाल तर त्यांना वाट द्या. महाशिवरात्रीला जायचं तर दर्शनासाठीच जा.

बाहेर आल्यावर देवळाला नदीच्या बाजूने वळसा घाला. दरवर्षी पुराचं पाणी झेलणारी बाजू ती, त्यामुळे दगडाचा जोड किती घट्ट आहे हे तिथे कळतं. मघाशी विहिरीत पाहिलेला चिरा आणि इथला चिरा यांची तुलना करायला हीच जागा चांगली.

दिवस शिल्लक असेल तर

विहीर आणि देऊळ मिळून तीन तास पुरे होतात. सकाळी लवकर आला असाल तर दुपारचं जेवण साताऱ्यात घेऊन संगम माहुलीला जा. साताऱ्याच्या पूर्वेला पाच-सहा किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे आणि काठावर घाट, देवळं, समाध्या. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 मध्ये बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ इथलंच. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. थोरल्या शाहू महाराजांची आणि महाराणी येसूबाईंची समाधी इथे आहे. येसूबाई कैदेतून परतल्या त्याच वर्षी लिंबच्या विहिरीचं काम सुरू झालं होतं, म्हणून विहीर बघून मग माहुलीला येण्यात मला अर्थ वाटतो.

सातारा रेल्वे स्टेशन माहुलीच्याच बाजूला आहे, शहरात नाही. आगगाडीने परतणार असाल तर माहुली शेवटी ठेवा, म्हणजे उलटा फेरा पडत नाही. एसटीने किंवा गाडीने जाणाऱ्यांनी मात्र अंधार पडायच्या आत माहुलीहून निघावं, आणि कंदी पेढे घ्यायचे असतील तर ते साताऱ्यात जेवायला थांबाल तेव्हाच घेऊन ठेवावेत.